विश्लेषण : मुंबईच्या प्लेगचा आलेख आजही गणिताच्या वर्गात का शिकवला जातो?

उपयोजित गणितात एमएस्सी किंवा पीएचडी करताना जीवशास्त्राशी जोडलेला विषय निवडला, की मुंबईच्या प्लेगचा एक आलेख बहुधा समोर येतोच. जेम्स मरे यांच्या ‘मॅथेमॅटिकल बायॉलॉजी’ या गाजलेल्या पाठ्यपुस्तकातही तो आहे. समीकरण आणि आकडे यांचा सुंदर मेळ म्हणून तो प्रसिद्ध झाला. आता मात्र त्यातून आणखी एक धडा शिकता येतो.

हा आलेख आला कुठून?

मुंबईत प्लेग १८९६ मध्ये मांडवी भागात आढळला आणि पुढे अनेक वर्षे परतत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील मृत्यूंची आठवडावार नोंद उपलब्ध होती. हिवाळ्यात आकडा वाढू लागला, एप्रिलच्या मध्यास आठवड्याला सुमारे ९०० मृत्यूंवर पोहोचला आणि जुलैपर्यंत पुन्हा तळाशी आला.

ही नोंद एडिंबरामधील दोन संशोधकांनी वापरली. अँडरसन मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले डॉक्टर होते आणि त्यांनी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केले होते. विल्यम कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली, तरी काम थांबले नाही. दोघांचा शोधनिबंध १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

समीकरण काय सांगते?

लोकसंख्येचे तीन गट करायचे : लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले वा मृत. एका गटातून दुसऱ्या गटात लोक किती वेगाने जातात, ते डिफरन्शियल इक्वेशन्समधून मांडायचे. हेच आजचे ‘एसआयआर’ मॉडेल. करोनाकाळात घरोघरी चर्चेत आलेल्या अनेक अंदाजांच्या मुळाशी ते होते.

यातला मोठा निष्कर्ष असा, की साथ ओसरण्यासाठी सगळ्यांनीच आजारी पडावे लागत नाही. एक रुग्ण सुरुवातीला सरासरी दोघांना लागण करत असेल, तर निम्मे लोक सुरक्षित होताच नवे रुग्ण घटू लागतात. लसीकरणाची उद्दिष्टे याच तर्कावर ठरतात. गोवर झपाट्याने पसरतो, म्हणून त्याच्यासाठी ९५ टक्के लसीकरणाचे लक्ष्य ठेवले जाते.

मग अडचण कुठे?

प्लेग प्रामुख्याने उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो. मॉडेल मात्र थेट संपर्कातून होणाऱ्या लागणीचे होते, आणि लागणीचा वेग साथभर स्थिर राहतो असे त्यात धरले होते. ही गृहीतके काटेकोरपणे लागू होत नाहीत, याची कबुली दोघांनी निबंधातच दिली होती. पुढे आलेख लक्षात राहिला, कबुली मागे पडली.

निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञांनी २०१२ मध्ये हे आकडे पुन्हा तपासले. मुंबईत प्लेग दरवर्षी साधारण त्याच महिन्यांत डोके वर काढत होता आणि त्याच सुमारास ओसरत होता. म्हणजे १९०६ मधील उतार लागण होऊ शकणारे कमी झाल्यामुळे आला, असे म्हणणे पुरेसे नव्हते. ऋतुमान हे मोठे कारण होते. वक्र आकड्यांशी जुळला, पण त्यामागचे स्पष्टीकरण टिकले नाही.

हा फरक जीवनमरणाचा आहे. लागण होऊ शकणारेच उरले नाहीत म्हणून साथ थांबली असेल, तर निर्धास्त होता येते. हवामान बदलल्यामुळे ती थांबली असेल, तर पुढच्या हंगामाची तयारी आजच करावी लागते.

पदव्युत्तर अभ्यासात वेगळे काय?

पदवीपर्यंत समीकरण दिलेले असते, विद्यार्थ्याने ते सोडवायचे असते. पुढच्या पातळीवर समीकरण स्वतः मांडावे लागते. काय धरायचे, काय सोडायचे, उत्तर कोणत्या गृहीतकावर उभे आहे आणि ते गृहीतक ढळले तर काय होईल, हे तपासावे लागते. त्यासाठी डिफरन्शियल इक्वेशन्स, संख्याशास्त्र आणि संगणकीय गणना येणे आवश्यक असते. त्याचबरोबर पिसू, पाऊस किंवा पेशी यांच्याविषयी त्या-त्या विषयाच्या जाणकारांशी बोलण्याची तयारीही लागते. हवामान, सागरी प्रवाह, कर्करोगाच्या गाठींची वाढ, भूकंपलहरी अशा सगळ्याच क्षेत्रांत हीच पद्धत चालते.

शिकायचे कुठे?

पुण्यातील आयसर, आयआयटी मुंबई आणि बेंगळूरु येथील टीआयएफआरचे सेंटर फॉर अॅप्लिकेबल मॅथेमॅटिक्स हे काही पर्याय. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मॉडेलिंग आणि सिम्युलेशनसाठी स्वतंत्र विभाग आहे. आयआयटींमधील एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट आणि गेट उपयोगी पडतात. प्रवेशाचे नियम संस्थेनुसार बदलतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी संबंधित संस्थेचे माहितीपत्रक पाहावे.