तालुका : लागणे आणि लावणे

‘तुमचा तालुका कोणता?’ असे विचारले तर आपल्यापैकी कोणीही चटकन उत्तर देईल. तालुका म्हणजे काय, असे विचारले तर मात्र पंचाईत होते. माझीही कित्येक वर्षे तीच गत होती. शाळा लवकर सुटली. या शब्दाशी माझी गाठ पडली ती मजुरांचे अर्ज घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढताना. एक बाई म्हणाली, “भाऊ, आमचं गाव कुठल्या तालुक्याला लागतं?”

तिला ठाऊक नव्हते, पण शब्दाचा अर्थ तिने बरोबर सांगितला होता. मूळ शब्द अरबी, ‘तअल्लुक’. अर्थ लागणे, जडणे, संबंध असणे. उर्दूतला ‘ताल्लुक’ तोच. तालुका म्हणजे कोणाला तरी लागलेला मुलूख.

कोणाला, हा खरा प्रश्न. अवधमध्ये तालुकदार म्हणजे बडा जमीनदार. आपल्या निजामी मुलखात तो बराच काळ वसुलीचा मक्तेदार होता. मक्ता घेणाऱ्याला आपला पैसा वसूल करावयाचा. रयतेचे पुढे काय होते, याची फिकीर त्याने का करावी? 1853 मध्ये सालारजंग दिवाण झाले आणि 1865 मध्ये त्यांनी ‘जिल्हाबंदी’ केली. मक्तेदारांच्या जागी पगारी अंमलदार आले. मौज अशी की जुने नाव तेवढे राहिले, आणि तेही वर चढले! जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ झाला, तालुक्यावर बसला तो तहसीलदार. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर अव्वल तालुकदार जाऊन कलेक्टर आला.

तहसील म्हणजे वसुली आणि कलेक्टर म्हणजेही गोळा करणारा. नावे सगळी घेणाऱ्याच्या बाजूने पडली. ‘जिल्हा’ तेवढा वेगळा. अरबीत त्याचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू.

मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत रयतही तालुक्याकडे मागावयास शिकली. म्हणून तालुक्याची सीमा आता पोटापर्यंत पोहोचते. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपल्या जिल्ह्याच्या 8 तालुक्यांपैकी धाराशिव, वाशी आणि लोहारा हे 3 होते. कळंब नव्हता, भूम नव्हता. बांधाच्या अलीकडे सोयाबीन करपले तसे पलीकडेही करपले, पण पलीकडचे शिवार दुसऱ्या तालुक्याला लागत होते. ओरड झाली. नोव्हेंबरात राज्यातल्या 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. तालुक्याहून लहान असे हे मंडळ. अनेकांनी त्याचे नाव तेव्हाच प्रथम ऐकले असेल. त्या दिवसांत गावात गेलो की पाऊस किती झाला ही गोष्ट मागे पडे, लोक विचारत, “आमचं गाव कुठल्या मंडळाला लागतं?”