आग्या मोहोळावरची लाट

पाण्याच्या टाकीखाली किंवा पिंपळाच्या उंच फांदीला लटकलेलं आग्या मोहोळ लांबून न्याहाळा. त्यावर मधूनच एक चमकदार लाट फिरते. आग्या माशी सातेरी मधमाशीसारखी ढोलीत राहत नाही. तिचं एकुलतं पोळं उघड्यावर असतं आणि माश्यांचे थर त्यावर पांघरुणासारखे बसतात. गांधीलमाशी जवळ आली की काही माश्या पोट झटकन वर उचलतात, शेजारणी तेच करतात आणि क्षणार्धात लाट पसरते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या गेराल्ड कास्टबर्गर यांच्या गटाने नेपाळमध्ये याचं चित्रीकरण केलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लाटेमुळे गांधीलमाश्या मागे हटताना दिसल्या. डंख मारायची वेळच येत नाही!

तिरुवनंतपुरमच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पोळ्यांसमोर पुठ्ठ्याच्या चकत्या हलवून पाहिल्या. फिकट पार्श्वभूमीवर काळी चकती दिसली की लाट उठे. रंग उलटे केले की नाही. उजळ आकाशापुढे उडणारा शत्रूही काळाच दिसतो, हे लक्षात घेतलं की या साध्या प्रयोगाचं मोल कळतं.

घराजवळ असं मोहोळ असेल, तर कृपया धूर करू नका, दगड मारू नका. फुलांचा हंगाम सरला की आग्या माश्या आपणहून स्थलांतर करतात.