तण लावणारी बाई

खुरपणीला बायका लावून जी घोळ आम्ही बांधावर फेकायचो, ती आता मंडईत जुडीने विकत घ्यावी लागते. बांधावरची मात्र मी आणत नाही. तणनाशकाचा फवारा कुठे बसलाय, ते पानाकडे बघून कळत नाही. म्हणून गच्चीत मी तणच लावते. शेजारणी हसतात, हसू देत.

घोळ सगळ्यांत सोपी. जुडीतले जाड देठ ओल्या मातीत खोचले की मुळं धरतात. बी अगदी बारीक, आणि उगवायला त्याला उजेड लागतो. त्यामुळे वर माती ओढायची नाही, नुसतं भुरभुरायचं. तिच्यासारखंच जमिनीलगत पसरणारं एक तण असतं. मोडलं की त्यातून पांढरा चीक येतो. ते खायचं नाही. घोळीला चीक नसतो. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र घोळही जपूनच खावी, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं.

टाकळा हट्टी. बियांचं कवच इतकं टणक, की पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवल्याशिवाय माझ्याकडे धड उगवत नाही. पानं कोवळी असतानाच खुडायची. शेंगा धरल्यावरचा टाकळा गुरंसुद्धा टाळतात. कांदा, ओलं खोबरं आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेल्या टाकळ्यापुढे मला पालक मिळमिळीत वाटतो.

खरा जीव माझा करटोलीवर. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. फुलाच्या बुडाशी इवलंसं काटेरी करटोलं दिसलं तर वेल मादी, नुसताच देठ असेल तर नर. एकटी मादी लावाल तर फुलं येतील आणि गळतील. फुलं उमलतात संध्याकाळी. गच्चीवर किड्यांचा भरवसा नाही, म्हणून नराचं फूल तोडून मी मादीच्या फुलात हलकेच फिरवते. पावसाळा सरला की वेल वाळतो. तेव्हा कुंडी रिकामी करू नका. आत कंद जिवंत असतो. पाणी तोडा, पावसाच्या तोंडावर तो पुन्हा फुटतो.

ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे जाल तेव्हा भाजी तर घ्याच, पण विकणाऱ्या मावशींना पुढच्या उन्हाळ्यासाठी करटोलीचे कंद सांगून ठेवा: मादीचे चार, नराचा एक.