जुनी पेन्शन आणि मार्च 2023 चा संप

निवृत्तीवेळच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आयुष्यभर देणारी जुनी निवृत्तिवेतन योजना, 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने बंद केली आणि तिच्या जागी अंशदायी योजना, म्हणजे कर्मचारी व शासन या दोघांच्या वर्गणीवर आणि बाजारातील परताव्यावर अवलंबून असलेली योजना, आणली. डिसेंबर 2022 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिजोरीवरील भाराचे कारण देऊन जुनी योजना पुन्हा लागू करण्यास विधिमंडळात नकार दिल्यावर 14 मार्च 2023 रोजी ती लागू करण्याच्या मागणीसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला. त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चनेही हीच मागणी उचलली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर 20 मार्चला संप मागे घेण्यात आला.