लहान स्वयंसेवी ब्राउझर आणि वेब मानकांचा अग्रक्रम : नेटसर्फ व डिलो यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

संकेतस्थळ उघडून वाचणे ही क्रिया आज इतकी सवयीची झाली आहे, की त्यामागे काम करणाऱ्या ब्राउझरचा विचार सहसा केला जात नाही. वस्तुतः ब्राउझर ही संगणकावरील अत्यंत गुंतागुंतीच्या आज्ञावलींपैकी एक होय. तिचा गाभा म्हणजे पानाचा मजकूर, रचना व हालचाल यांचा अर्थ लावणारे इंजिन. ओपेराने २०१३ मध्ये आपले प्रेस्टो हे इंजिन सोडून दिले. मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून क्रोमियमचा स्वीकार जाहीर केला. परिणामी बहुतांश वापर ब्लिंक, वेबकिट आणि गेको या तीन इंजिनांभोवती एकवटला. या पार्श्वभूमीवर मूठभर स्वयंसेवकांनी फावल्या वेळात उभारलेल्या ब्राउझरांना कोणत्या मानकांना आधी हात घालावा लागतो आणि का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रश्नाचे स्वरूप

डिलो या ब्राउझरची सुरुवात १९९९ मध्ये झाली. त्याच वर्षी एचटीएमएल ४.०१ हे मानक प्रसिद्ध झाले. नेटसर्फची सुरुवात २००२ मध्ये रिस्क ओएस या प्रणालीसाठी झाली आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती २००७ मध्ये आली. त्या काळी मानक म्हणजे एक छापता येईल असा, शेवट असलेला दस्तऐवज होता. मे २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी आणि व्हॉटडब्ल्यूजी या संस्थांमध्ये करार झाला व एचटीएमएलचे सतत सुधारले जाणारे एकच ‘जिवंत मानक’ मान्य झाले. अर्थात ‘सर्व मानके पूर्ण करणे’ हे ध्येय आता मोठ्या कंपन्यांनाही कायमचे गाठता येत नाही. लहान गटाच्या दृष्टीने तर ते अशक्यप्रायच ठरते. त्यामुळे किती मानके पाळली यापेक्षा, एखादे मानक न पाळल्यास वाचकाचे नेमके काय अडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

अभावाच्या तीन तऱ्हा

मानकाच्या अभावाचे परिणाम सर्वत्र सारखे नसतात. पहिल्या तऱ्हेत पान उघडतच नाही. सुरक्षित जोडणीसाठीचे टीएलएस हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या. ज्या ब्राउझरला नव्या आवृत्त्या कळत नाहीत, त्याला आजची बहुसंख्य संकेतस्थळे बंदच असतात. मग त्याची पृष्ठरचना कितीही निर्दोष असो. डिलोची ३.०.५ ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली आणि त्यानंतरची ३.१.० मे २०२४ मध्ये. या नव्या आवृत्तीत सुरक्षित जोडणीची सोय मूलतःच सुरू ठेवण्यात आली. असे काम स्वतः लिहिणे धोक्याचे असल्याने लहान प्रकल्प त्यासाठी ओपनएसएसएलसारख्या तयार ग्रंथालयांचा आधार घेतात.

दुसऱ्या तऱ्हेत पान उघडते, फक्त त्याचे रूप उणे राहते. न कळणारा गुणधर्म वगळून पुढे जावे, असा नियम सीएसएसने १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच घालून दिला आहे. चौकटीचे गोलाकार कोपरे किंवा छाया दिसली नाही, तरी मजकूर वाचता येतो. फ्लेक्स ही मांडणी न कळल्यास शेजारी शेजारी असावयाचे घटक एकाखाली एक येतात. वाचन लांबते, पण थांबत नाही. म्हणूनच ही सोय नेटसर्फमध्ये डिसेंबर २०२३ च्या ३.११ या आवृत्तीपर्यंत लांबली, तरी ब्राउझर निरुपयोगी झाला नाही.

तिसरी तऱ्हा जावास्क्रिप्टची होय. ज्या पानाचा मजकूरच आज्ञावली चालल्यानंतर तयार होतो, ते पान तिच्याविना कोरे राहते. डिलोने जावास्क्रिप्ट वगळून ही मर्यादा उघडपणे स्वीकारली आहे. नेटसर्फने ड्यूकटेप हे लहान, तयार इंजिन जोडून घेतले. तथापि त्यातील जावास्क्रिप्टचा आधार अद्याप मर्यादित आहे. केवळ भाषा समजून भागत नाही. आज्ञावलीने पानात केलेला प्रत्येक बदल पुन्हा मांडून दाखविण्याची क्षमता मूळ रचनेत असावी लागते, आणि ती मागाहून आणणे कष्टाचे असते.

लांब मानक, कमी काम

मानक जितके लांब तितके काम अधिक, असे वरकरणी वाटते. एचटीएमएल५ ने मात्र याच्या उलट अनुभव दिला. पूर्वी न मिटवलेल्या किंवा चुकीच्या क्रमाने लिहिलेल्या खुणांचे काय करावे, हे निश्चित नव्हते. मोठे ब्राउझर आपापल्या परीने चुका सावरत आणि लहान ब्राउझरांना त्यांचे अनुकरण अंदाजाने करावे लागे. एचटीएमएल५ ने चुकांसह वाचनाची संपूर्ण पद्धत पायरीपायरीने लिहून दिली. त्यामुळे नेटसर्फच्या गटाला हबब हे स्वतंत्र वाचक ग्रंथालय निश्चित निकषांवर उभारता आले. जे मानक तर्काची जागा नियमाला देते, ते लहान गटाने आधी हाती घ्यावे, हा यातील बोध होय.

गुणपत्रिकेचा मोह

२००८ मध्ये आलेल्या ॲसिड३ या १०० गुणांच्या कसोटीने ब्राउझरांमध्ये चुरस निर्माण केली. फायरफॉक्सने २०११ मधील चौथ्या आवृत्तीत एसव्हीजी फॉन्ट न स्वीकारता ९७ गुणांवर समाधान मानले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कसोटीतून बदलाच्या वाटेवर असलेले भाग वगळण्यात आले आणि फायरफॉक्सला १०० गुण मिळाले. कसोटी मार्गदर्शक असते. तिचे गुण म्हणजे वाचकाची गरज नव्हे. मनुष्यबळ तुटपुंजे असलेल्या प्रकल्पाला हा भेद विसरणे परवडत नाही.

देवनागरीचा विचार

अग्रक्रम ठरविणाऱ्याची लिपी कोणती, यावरही बरेच अवलंबून असते. ‘शिक्षण’ हा शब्द संगणकात श, ि, क, ्, ष, ण या क्रमाने साठविला जातो. ऱ्हस्व वेलांटी श नंतर साठवूनही त्याच्या आधी दाखवावी लागते आणि क, हलन्त व ष यांचे क्ष हे जोडाक्षर घडवावे लागते. प्रत्येक चिन्ह साठवलेल्या क्रमाने सुटे सुटे रेखाटणाऱ्या ब्राउझरमध्ये हा शब्द विस्कटतो. लिनक्सवर नेटसर्फचे जीटीके रूप हे काम पँगो या ग्रंथालयाकडे सोपविते, त्यामुळे मराठी मजकूर वाचनीय राहतो. जिथे असे ग्रंथालय नाही, तिथे उणीव उरते. रोमन लिपीतून चाचणी घेणाऱ्याला ती जाणवणारही नाही. मराठी वाचकासाठी मात्र तो अभाव पहिल्या तऱ्हेचाच ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून अग्रक्रमाची एक उतरंड स्पष्ट होते : प्रथम सुरक्षित जोडणी, त्यानंतर मजकुराचे अचूक वाचन व लिपीची योग्य घडण, मग मूलभूत मांडणी व अर्ज भरण्याची सोय, त्यापुढे जावास्क्रिप्ट आणि सर्वांत शेवटी सजावट. मात्र या उतरंडीचे यश केवळ ब्राउझर घडविणाऱ्यांच्या हाती नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील प्रवेशाची सूचना किंवा परीक्षेचे वेळापत्रक साध्या एचटीएमएलमध्ये दिले, तर ते जुन्या संगणकावरील लहान ब्राउझरमध्येही वाचता येते. तेच जावास्क्रिप्टवर विसंबून दिले, तर तो वाचक बाहेर राहतो. मानके सर्वांसाठी खुली असतात. त्यांचा लाभ सर्वांना मिळावा की नाही, हे अखेरीस पाने लिहिणारेही ठरवीत असतात.