बिनगोष्टीचा सिनेमा



गटात सिनेमा लावायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "गोष्ट काय आहे?" आज आम्ही बोलणार आहोत ते सरळ गोष्ट नसलेल्या सिनेमाबद्दल. त्याला प्रयोगशील सिनेमा म्हणतात. असे कितीतरी सिनेमे थोड्या पैशांत, फितीवर काढले गेले आणि लोकांनी स्वतः जमून पाहिले.

आधी फीत म्हणजे काय ते बघू. मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि आवडला नाही, तर आपण पुसून टाकतो. फितीचं तसं नाही. ती पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. उजेड पडला की लेपात बदल होतो आणि अंधारात रसायनांत धुतल्यावर चित्र उमटतं. एका सेकंदाला अशी २४ चित्रं लागतात. सोळा मिलिमीटरच्या फितीचं शंभर फुटी रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. चुकलं तर पुसता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्र विचार करून घ्यावं लागतं.

हे काम आपल्याकडच्या बाईनंही केलंय. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं टिपत त्याचं रोप वाढताना पडद्यावर दाखवलं. ते पाहून त्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळालं. त्या सिनेमाच्या वेळी फितीला भोकं पाडणं, फीत धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत.

तीस वर्षांनी, १९४३ मध्ये, तिकडे अमेरिकेत माया डेरेन या बाईनं नवऱ्यासोबत राहत्या घरातच चौदा मिनिटांचा सिनेमा केला. त्यात दिसतं काय? किल्ली, पाव, सुरी, जिना, टेलिफोन. दुपारी खुर्चीत डोळा लागलेल्या बाईला त्याच वस्तू स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसतात आणि दर वेळी भीती वाढत जाते.

असे सिनेमे थिएटरवाले लावत नसत. मायाबाई थांबल्या नाहीत. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधलं एक छोटं नाट्यगृह भाड्यानं घेतलं आणि आपले सिनेमे स्वतः दाखवले. नाट्यगृह भरलं. त्यातून उमेद घेऊन एमोस आणि मार्शा व्होगेल या नवरा-बायकोनं १९४७ मध्ये 'सिनेमा सिक्स्टीन' हे मंडळ काढलं. सभासदांच्या वर्गणीवर ते १९६३ पर्यंत चाललं. वर्गणीची ताकद आपल्या बचत गटांना वेगळी सांगायला नको.

आता प्रश्न उरतो, असा सिनेमा बघायचा कसा? गोधडी बघतो तसा. गोधडीत गोष्ट नसते, पण हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, तो लेकीच्या झबल्याचा, असं आपण ओळखतोच ना? तसंच इथं. "मला कळलं नाही" म्हणून गप्प बसू नका. काय दिसलं, काय आठवलं, कुठं भीती वाटली, एवढं सांगा. एकीला रिकाम्या घरातली दुपार आठवेल, दुसरीला सासरचा पहिला महिना. दोघींचंही बरोबर.

आपण काय बघायचं हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. फितीचं यंत्र आता सहसा मिळत नाही, पण पंचायतीचा किंवा शाळेचा प्रोजेक्टर आणि एक पांढरी चादर पुरते. पुढच्या बैठकीत एखादा छोटा सिनेमा लावा. संपल्यावर दिवा लावा, गोल बसा, आणि सगळ्यात कमी बोलणारीला आधी बोलू द्या.