पाऊस, पाणी, पालिका, पोलीस!

मराठी बातम्यांचं आणि माइकचं जुनं वैर आहे. पाऊस, पाणी, पालिका, पोलीस, पूल, फेरीवाले, भाडेवाढ, भूखंड. मुंबईच्या कुठल्याही बुलेटिनमधले हे हुकमी शब्द, आणि ओठ मिटून उघडल्याशिवाय एकाचीही सुरुवात होत नाही. ओठ उघडताना हवेची जी पिचकारी सुटते, ती माइकवर आदळते आणि ऐकणाऱ्याच्या कानात ‘धप्प’ होतं. त्यावरचा उपाय फुकटचा आहे. माइक नाकासमोर धरायचा नाही. वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरायचा, म्हणजे हवा शेजारून निघून जाते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली ‘टीव्हीवर दिसायचं’ म्हणून मास मीडियाला जातात. मुंबई विद्यापीठाच्या ज्या कोर्सला सगळे बीएमएम म्हणायचे, त्याचं नाव आता बीएएमएमसी झालंय. पार्ल्याच्या साठ्ये कॉलेजात तो मराठीतूनही शिकता येतो. पण दिसण्याचा नंबर तिथे बराच उशिरा लागतो. आधी तोंड, मग कान, मग घड्याळ.

‘चिंच’ म्हणून दाखवा

मराठी वृत्तनिवेदकाची परीक्षा एका शब्दात घेता येते. ‘चिंच’मधला पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. ‘माझा’तला झ ‘माझी’त गेला की बदलतो. लिपीत याची काही खूण नाही. घरी कानावर पडलं असेल तर ठीक, नाहीतर घोकायचं. त्यात उपनगरांची नावं! एजन्सीची बातमी इंग्रजीतून येते आणि स्पेलिंगवर विसंबणारा विक्रोळीचं बेधडक ‘विखरोली’ करून टाकतो. राज्यपालांचं नाव चुकलं तर एखादा माफ करेल. पण आपलं स्टेशन चुकीचं ऐकलेला माणूस फोन करतोच.

नापास झालेल्यांसाठी दिलासा: अमीन सयानींना आकाशवाणीने हिंदीच्या चाचणीत नाकारलं होतं. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, असं कारण मिळालं. १९५२ मध्ये तेच रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ घेऊन आले. मुंबईत रेकॉर्डिंग, टेप विमानाने कोलंबोला, आणि तिथून अख्ख्या हिंदुस्थानात. आकाशवाणीने अमिताभ बच्चन यांचाही आवाज नाकारला होता. चाचणी घेणाऱ्यांचे कान तपासायची सोय तेव्हा नसावी.

पत्ता: बोरिवली पश्चिम

देशभर ऐकल्या जाणाऱ्या विविध भारतीचा पत्ता दिल्लीचा असेल असं पुष्कळांना वाटतं. ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली आणि आज तिचा मुक्काम आहे बोरिवलीत, गोराईच्या रस्त्याला. फर्माइशीची पत्रं जिथे येतात त्या पत्त्याचा पिनकोड ४०००९१.

तिथून थोडं दक्षिणेला मालाड-मालवणीला आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे मनोरे आहेत. मराठी ‘अस्मिता’ वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर. गणित केलं तर तिच्या एका लाटेची लांबी सुमारे ५३७ मीटर भरते. मनोरा साधारण पाव लाटेइतका उंच लागतो, म्हणजे सव्वाशे मीटरच्या वर! शिवाय खाडीकाठची ओली खारट जमीन अशा लाटांना फार मानवते. मालवणीची दलदल बिल्डरला नको असेल, रेडिओला ती हवीच.

विद्यापीठाच्या कलिना संकुलातला १०७.८ एफएमवरचा ‘मस्ट’ हा कम्युनिटी रेडिओ. शिकाऊ मुलांनी अडखळायची ही हक्काची जागा.

आणि एक गंमत. खासगी एफएमवरचा आरजे कितीही बोलका असो, स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाही. नियमच तसा आहे. फार तर आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावायचं. ट्रॅफिक आणि हवामान चालतं, कारण सरकारी व्याख्येत त्या बातम्या नाहीत. म्हणजे घाटकोपरला गाड्या तुंबल्यात हे तो सांगू शकतो. रस्त्याचं कंत्राट कुणाला आणि कसं मिळालं, हे मात्र त्याने मनात ठेवायचं.

शेपटीला बातमी

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. छापील बातमीत ते चालून जातं, कानाला मात्र छळतं. ‘वाढत्या वाहतूक कोंडीच्या पार्श्वभूमीवर पालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत घेतलेल्या निर्णयानुसार अंधेरीतला अमुक पूल...’ इथवर येईपर्यंत ऐकणाऱ्याने कुकरची शिट्टी मोजून गॅस बंद केलेला असतो. पूल उघडला की पाडला? म्हणून शिकाऊ मुलांना वाक्यं तोडायला लावतात. ‘पूल उद्यापासून बंद. पर्यायी रस्ता असा.’ ‘च्या पार्श्वभूमीवर’ हे शब्द लिहिणाऱ्याला चहा पाजायचा दंड करायला हवा, असं माझं मत आहे.

वेळेचंही तसंच. सेकंदाला तीन शब्द हा इंग्रजीचा जुना ठोकताळा मराठीत कोसळतो, कारण ‘मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानासमोर’ हे म्हणायला दोनच शब्द! मराठी स्क्रिप्ट मोजायची ती मोठ्याने वाचून, घड्याळ लावून.

काचेतली उलटी अक्षरं

टेलिप्रॉम्प्टर १९५० मध्ये अमेरिकेत आला, तो बातम्यांसाठी नाही. एका नटाला संवाद पाठ करायचा धाक होता, आणि यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते टीव्हीवरच्या मालिकेत. मालिका आणि बातम्या यांचं नातं किती जुनं आहे बघा! आजच्या प्रॉम्प्टरमध्ये लेन्ससमोर ४५ अंशांत काच असते, खालच्या पडद्यावर अक्षरं उलटी, काचेत ती सुलट. अँकरने ऑपरेटरच्या वेगाने वाचायचं नसतं, ऑपरेटरने अँकरच्या वेगाने सरकवायचं असतं. टेबलावरचे कागदही शोभेचे नसतात. प्रॉम्प्टर बंद पडला की तेच तारतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. तिथे मराठी बातम्या देणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, स्मिता पाटील होत्या. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसत. टेबलाखालचं कॅमेऱ्याला कुठे दिसतं?

हिरव्या पडद्यासमोर मात्र अशी चलाखी चालत नाही. हवामानाचा नकाशा त्या हिरव्याच्या जागी येतो. माणसाच्या कातडीत हिरवा रंग जवळजवळ नाही आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे बिंदू दुप्पट असतात, म्हणून हाच रंग निवडलेला. अडचण श्रावणात. हिरवा चुडा भरून हवामान सांगायला उभं राहिलं की मनगटातून विदर्भ दिसतो.

सत्तर हजार किलोमीटरची ‘हं’

फोनो, बाईट, टिकटॅक, वॉक थ्रू, पीटूसी. न्यूजरूमची ही बाराखडी दोन दिवसांत तोंडी बसते. टिकटॅक म्हणजे अँकर आणि रिपोर्टरमधली थेट प्रश्नोत्तरं, आणि त्यात रिपोर्टर प्रश्नानंतर मान हलवत का उभा राहतो, याचं उत्तर आकाशात आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. ओबी व्हॅनमार्फत अंधेरी सबवेतून निघालेला आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत सत्तर हजार किलोमीटरहून जास्त फिरतो, स्टुडिओ दोन स्टेशनं पलीकडे असला तरी. त्यात पाव सेकंद जातो. प्रश्नाचा मार्गही उपग्रहातून असला तर अर्धा. आता पाठीवरच्या बॅगेत अनेक सिमकार्डांची मोट बांधून लाइव्ह देतात. पण गर्दीत नेटवर्कच बसलं की बॅग काय करणार?

एक नियम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. २६/११ च्या अनुभवानंतर, २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत हे कलम आलं.

कुठला पाऊस?

‘मुंबईत किती पाऊस पडला?’ या प्रश्नावर शिकाऊ बातमीदाराने उलट दोन प्रश्न विचारावेत: कुलाबा की सांताक्रूझ, आणि कधीपासून कधीपर्यंत? हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २७ जुलै २००५ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला जेमतेम ७४. एकच शहर, एकच दिवस! कुलाब्याच्या आकड्यावर बातमी केली असती तर उपनगरं बुडाली ही अफवाच वाटली असती.

आकड्यांइतकीच महत्त्वाची पाण्याची खोली. घोट्याएवढ्या पाण्यात वाकून ‘कमरेएवढं पाणी’ दाखवायचा मोह दर पावसाळ्यात कुणाला तरी होतो. त्याच २००५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पुराचं थेट वार्तांकन एनबीसीच्या मिशेल कोसिन्स्की चक्क होडीत बसून, वल्हं मारत करत होत्या. तेवढ्यात दोन माणसं कॅमेरा आणि होडी यांच्या मधून आरामात चालत गेली. पाणी त्यांच्या घोट्याच्या जरासं वर होतं, आणि हे सगळं लाइव्ह चाललं होतं.